धूळ पुसणारं कुणीतरी हवं
तुझ्या सोलरपंक कथेचा, म्हणजे निसर्ग आणि स्वच्छ ऊर्जेच्या जोरावर उभ्या राहिलेल्या आशादायी भविष्याच्या गोष्टीचा, पहिला मसुदा वाचला. हिरव्या गच्च्या, पवनचक्क्या, सगळे हसतमुख... छान आहे, पण जाहिरातीसारखं वाटतं, कारण कुणाला काही करावंच लागत नाही. सोलरपंक हे नाव 2008च्या सुमारास आलं. नवखे लेखक त्यात हमखास इथेच अडकतात. मीही अडकले होते.

तुझं सौर पॅनेल घे. ते साधारण 25 वर्षं टिकतं, इन्व्हर्टर मात्र बहुधा त्याआधीच मान टाकतो. पॅनेल तापलं की वीज कमी मिळते, धूळ बसली की आणखी कमी. मग ती धूळ पुसतं कोण? पहाटे, काच गार असताना, फडकं पिळत गच्चीवर उभी असलेली बाई दाखव. पाळी खरं तर शेजाऱ्याची होती, तो आलाच नाही. झाली की गोष्ट सुरू! भांडण मिटवायला वस्तीची बैठक बसू दे, तीही जरा कंटाळवाणी. मला तरी आशा तिथेच दिसते.

खलनायक नसला तरी चालेल. "शाश्वत" मात्र पाच वेळा आलंय, चार तरी काढ. आणि दुसऱ्यांच्या कथांवर नुसतं "मस्त" लिहून सुटू नकोस. वाचताना कुठे अडखळलास ते सांग. पुढचा मसुदा दोन पानांचाच पाठव.