दिवाळं निघालं म्हणजे नेमकं काय काय जातं?

"मॅडम, मी दिवाळखोरी जाहीर केली तर राहतं घर जाईल का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की खुर्चीत बसताना माणूस मोबाईल पालथा ठेवतो तेव्हाच मला त्याची चाहूल लागते. मी कौटुंबिक समुपदेशक. पूर्वी माझ्याकडे नवराबायकोची भांडणं, सासूसून, मुलांचा अभ्यास असं यायचं. आजही तेच येतं, फक्त जरा उकरलं की तळाशी हप्ता सापडतो. आणि प्रश्नाच्या मागोमाग येणारे प्रश्नही ठरलेले: पुन्हा कधी कर्ज मिळेल का, बायकोच्या पगारातून कापतील का, पोरांच्या बोकांडी बसेल का.

म्हणून दिलीप आणि मनीषाची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि आठ महिन्यांच्या बैठका चार-पाच प्रसंगांत दाबून बसवल्यात.

दिलीप पहिल्यांदा एकटाच आला. वय 44, भोसरीला पावडर कोटिंगचं छोटं युनिट, सहा कामगार. मोठ्या गिऱ्हाइकानं बिलं थकवली, कामगारांचे पगार भागवायला यानं पर्सनल लोन काढलं, त्याचा हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, कार्डाचा मिनिमम भरायला दुसरं कार्ड, मग मोबाईलवरचं ॲप. हा जिना मला तोंडपाठ आहे. मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून बसला होता.

"यात काय आहे?"

"पत्रं."

एकवीस पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं.

"एकूण देणं किती असेल?"

"पन्नास लाख. साठही असेल."

"कशावरून?"

"झोप लागत नाही त्यावरून."

पहिल्या भेटीत मी मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारते. आडून विचारलं की आडूनच उत्तर येतं. तो म्हणाला, "मी नसलो तर सगळं मिटेल असं वाटतं कधी कधी." मिटत नाही, हे मी त्याला हिशोबानं सांगितलं: माणूस गेला तरी त्याच्या मालमत्तेवरचं देणं राहतंच, वर घरातला कमावता हात जातो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावला, आणि त्या रात्री भावाकडे जाऊन झोपायचं कबूल करून घेतलं.

त्याच्या डोक्यात दिवाळखोरीचं एक चित्र होतं. कोर्टात जायचं, एका कागदावर सही करायची, सगळी कर्जं पुसली जातात. असं चित्र घेऊन बरेच जण येतात. बहुधा परदेशातले व्हिडिओ बघून. आपल्याकडे 2016 साली दिवाळखोरीची नवी संहिता आली खरी, पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून जुनेच कायदे: मुंबईत 1909 चा, पुण्यासारख्या ठिकाणी 1920 चा. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरलात की मालमत्ता न्यायालयानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात, आणि त्यातून मोकळं व्हायला पुन्हा वेगळा अर्ज. तोवर आमदारकीला उभं राहता येत नाही की कंपनीचा संचालक होता येत नाही. हे ऐकून दिलीप म्हणाला, "आमदारकीचं राहू दे मॅडम." पण त्याला जे हवं होतं, रात्रीत पाटी कोरी, ते तिथे नव्हतं.

इथे माझा एक जुना दोष सांगायला हवा. सुरुवातीच्या काळात मी आकड्यांना हात लावत नसे. भावना माझ्याकडे, आकडे सीए आणि वकिलाकडे, अशी स्वच्छ वाटणी. मग एका गृहस्थांशी मी दोन महिने त्यांच्या लाजेबद्दल, त्यांच्या वडिलांबद्दल फार छान बोलत राहिले, आणि तेवढ्यात त्यांच्या घरावरच्या नोटिशीची मुदत उलटून गेली. त्यांनी मला दोष दिला नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर पाकिटं फोडायची सुरी असते. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे समुपदेशन वाटत नाही. वाटू नये, माझ्याकडे येणाऱ्यांना झोप लागते.

दुसऱ्या भेटीत आम्ही पाकिटं फोडली. तो फोडायचा, मी तारखेप्रमाणे लावायची. अकराव्या पाकिटात गृहकर्जाच्या बँकेची सरफेसी कायद्याखालची, म्हणजे गहाण घराचा ताबा घ्यायची, नोटीस होती. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि मग ही येते. तारखेपासून साठ दिवसांत भरणा करा, नाहीतर ताबा. त्या साठांतले तेवीस दिवस पाकीट पिशवीतच होतं. एक लोकअदालतीचं बोलावणं होतं. तो ते पकड वॉरंट समजून बसला होता. तिथे तडजोडीसाठी बोलावतात, मान्य नसेल तर नाही म्हणून उठता येतं. मात्र एकदा सही केली की त्या निवाड्यावर अपील नाही.

शेवटी बेरीज. गृहकर्ज 19,40,000. माल देणारे व्यापारी 7,20,000, त्यात दोन न वटलेले चेक. पर्सनल लोन 4,80,000. तीन कार्डं 3,65,000. पतसंस्था 3,50,000, जामीनदार मनीषाचा भाऊ. ॲपवाले 62,000. एकूण 39,17,000.

तो कागदाकडे बघत राहिला. "एवढंच?"

एकोणचाळीस लाखांना 'एवढंच' म्हणणारा माणूस तेव्हा समोर बसलेला असला, की माझ्या कामाचा अर्धा पगार मला मिळालेला असतो.

माझा कल पहिल्यापासून कुटुंबाकडे. समोर एकटा माणूस बसला तरी मदत मागायला आलंय ते घर, असं मी धरून चालते. त्यामुळे तिसऱ्या भेटीला मनीषा हवीच होती. ती एका खासगी शाळेत क्लार्क. दिलीपनं तिला फक्त "जरा अडचण आहे" एवढंच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, वाचा. त्यानं कागद वाचला, पतसंस्थेशी आला आणि मेहुण्याचं नाव गाळून पुढे गेला. मी काही बोलले नाही. तोच मागे आला आणि नाव वाचलं.

मनीषा रडली नाही. पर्समधून तिनं एक छोटी डायरी काढली आणि त्याच्या पुढे सरकवली. बचत गटाचं कर्ज, 45,000. मुलीच्या क्लासची फी आणि किराणा. दीड वर्षापासून ती त्याचे हप्ते त्याच्यापासून लपवून भरत होती.

पंख्याच्या वाऱ्यानं बेरजेचा कागद उडायला लागला. तिनं त्यावर पाण्याची बाटली ठेवली. बराच वेळ कोणीच बोललं नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेली, म्हणून ते मी जरा कौतुकानं सांगते.

मग तिनं विचारलं, "तुम्ही मला घाबरत होतात?"

"तुला नाही. सगळं ऐकलं की तू 'मग आता?' म्हणशील, त्याला."

"मग आता?" ती म्हणाली.

आणि तो हसला. तीन भेटींत पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसायला लागला, पण आधी हसला. दोन वर्षं हा माणूस ज्या दोन शब्दांपासून पळत होता, ते तिनं असे विचारले की जणू भाजी कोणती करू. मी त्या दिवशी वहीत लिहिलं: बँकेच्या वसुलीला वेळेचं बंधन आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँक सांगते, मनातल्या वसुलीवाल्याला असं कोणी सांगत नाही. तो रात्री तीनला येतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला कळलं की मगच त्याचं येणं कमी होतं.

'मग आता'ला उत्तर मात्र द्यावं लागतं. दिलीपची पहिली सूचना ठरलेलीच निघाली: "फ्लॅट हिच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू का?" मनीषाच म्हणाली, "म्हणजे पुढची नोटीस माझ्या नावावर." तिचं बरोबर होतं. एक तर फ्लॅट बँकेकडे गहाण. शिवाय घेणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली रद्द करून घेता येतं. घर वाचवायच्या नादात बायकोचा कोरा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आणि मनःशांती दोन्ही जातात.

मी जे सांगितलं ते अनेकांना आवडत नाही: घर जाणारच असेल तर ते तुम्ही विका, बँकेला लिलावात विकू देऊ नका. वकिलाकडून बँकेला पत्र गेलं, ग्राहक आणला, त्याच्या बँकेनं यांच्या बँकेचं कर्ज परस्पर फेडलं. 36,50,000 आले. त्यातून गृहकर्ज, पतसंस्था, व्यापारी, ॲपवाले आणि बचत गट. पतसंस्था मी वर घ्यायला लावली, कारण तिथे दुसऱ्याची सही होती. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला पकडा असं तो म्हणू शकत नाही. पतसंस्थेचा वसुली दाखला मेहुण्याच्या दारात गेला असता तर पैसे वळते झाले असते, माहेर नसतं झालं. व्यापारीही वर, कारण चेक. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. चेक न वटणं आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे न देणं हा आहे.

पर्सनल लोनची थकबाकी भरून उरलेलं हप्त्यांवर ठेवलं. कार्डांची सेटलमेंट केली, म्हणजे कमी रकमेवर तडजोड, कारण तिथवर पैसे पुरत नव्हते. सेटलमेंटचं पत्र आधी बँकेच्या लेटरहेडवर घ्यायचं आणि मगच खात्यात भरायचे. दारात आलेल्या माणसाच्या हातात एक रुपया रोख द्यायचा नाही, हे मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. किंमत काय, तर क्रेडिट अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा. तो अनेक वर्षं दिसतो आणि नवं कर्ज देणारा तो बघून दचकतो. पुढे उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेता येतं. सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, आणि दिलीपचा तेव्हा पाचशेच्या आतबाहेर होता. भाड्याचं घर मात्र मिळालं. आपल्याकडे घरमालक सिबिल विचारत नाही, डिपॉझिट विचारतो, त्यामुळे डिपॉझिटचे पैसे आम्ही आधीच बाजूला काढले होते.

मनीषाच्या पगाराला कोणी हात लावला नाही. ती ना सहकर्जदार, ना जामीनदार. नुसतं बायको असण्यानं देणं लागत नाही. म्हणूनच तिच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं भरू नका, हे मी फार कडकपणे सांगते. मुलगी अकरावीत. शैक्षणिक कर्जाला पालकाचं नाव लागलं, तर आईचं नाव स्वच्छ असलेलं बरं.

दिलीप आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे, पगार 25,000. जप्ती आलीच तर सगळा जाईल ही भीती होती. दिवाणी हुकूमनाम्यात पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. म्हणजे 17,000 त्याच्या घरी येणारच, आणि एका हुकूमनाम्यासाठी ही कपात फार तर 24 महिने. पीएफ, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र यांनाही हात लावता येत नाही. मंगळसूत्राचं ऐकून मनीषानं नकळत गळ्याशी हात नेला. मी एकच जादा केलं: पगाराचं खातं कर्ज असलेल्या बँकेतून दुसरीकडे न्यायला लावलं. तिथे पैसे जमा झाले की बँक थकबाकीत वळते करून घेऊ शकते.

दिलीपचे वडील, अप्पा, एका भेटीला मुद्दाम आले. निवृत्त शिक्षक. "पेन्शन माझी, कर्ज पोराचं. घराण्याचं नाव आहे, मी फेडीन." मी त्यांना सांगितलं, सज्ञान मुलाचं कर्ज बापावर येत नाही, जामीन राहिला असेल तरच. आणि उलट बाजूनंही, बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य हा हिंदू कायद्यातला जुना नियम 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांना उरलेला नाही. वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच तो देणं लागतो. अप्पा बराच वेळ पायातल्या चपलांकडे बघत बसले. मग म्हणाले, "आमच्या वडिलांचं मी एकोणीस वर्षं फेडलं. तेव्हा कोणी सांगितलं नाही." मला यावर काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

वकिलाची फी हा नेहमीचा अडसर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मनीषाला तिच्यापुरता सल्ला तरी तिथे मिळाला असता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मागच्या महिन्यात दोघं सहज भेटायला आले. दिलीपच्या हातात क्रेडिट अहवालाचा प्रिंट, अहवाल बनवणारी कंपनी वर्षातून एकदा फुकट देते तो. एका कार्डाची सेटलमेंट होऊनही तिथे अजून 'राइट-ऑफ', म्हणजे बुडीत, असं लिहिलेलं. त्यानं रीतसर तक्रार घातली होती. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम मीच त्याला कधीतरी सांगितला होता.

"तेहेतीस दिवस झाले मॅडम," तो म्हणाला. "त्यांच्याकडे माझे तीनशे निघतात."

"वसुलीला माणूस पाठवा की," मनीषा म्हणाली. "आठ ते सातच्या दरम्यान."