म्हाताऱ्या बंद्यांना भेटायला जाण्याआधी

पोरी, अनेक आशीर्वाद.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनलवर तुझं नाव लागलं आणि पहिलंच काम कारागृहातलं आलं, हे वाचून फार बरं वाटलं. सांगणं एवढंच आहे की, म्हाताऱ्या बंद्याला कलम विचारण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते विचार.

रात्री किती वेळा उठावं लागतं? जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना कुणाचा हात धरावा लागतो? संडासात उकिडवं बसता येतं का? चष्मा, कवळी, रोजच्या गोळ्या मिळतात का? ही माणसं आपणहून तक्रार करत नाहीत. शेजारी झोपणाऱ्या तरुण बंद्याला गाठ. आंघोळीचं पाणी तोच आणून देतो, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असतं.

आणि जामिनाच्या अर्जात तेच लिही. ‘अर्जदार वयोवृद्ध व आजारी आहे’ एवढ्यावर न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे, एल्गार परिषद प्रकरणात पकडलेले पाद्री स्टॅन स्वामी आठव. ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली तेव्हा ते 83 वर्षांचे होते. पार्किन्सनमुळे हातात ग्लास ठरत नव्हता, म्हणून तळोजा कारागृहातून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. एवढ्याशा मागणीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला, त्यावर मुदती पडल्या. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले, तेव्हा जामिनाचा निकाल लागायचा होता आणि खटलाही सुरू झाला नव्हता. मला आजही त्याचा संताप येतो.

कायद्यात वाट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 पाठ कर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले सोडून, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत, म्हणजे निकालाआधीच तुरुंगात, काढलेल्याला जामीन मिळू शकतो. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. तसा अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचंच काम आहे, त्यांना लेखी आठवण दे. आजारी, अशक्त माणसासाठी कलम 480 आहेच.

जामीन मंजूर झाला तरी म्हातारा आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. बायको गेलेली असते, मुलगा फोन उचलत नाही. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करण्याचा विचार कोर्टाला स्वतःहून करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. त्या आदेशाची प्रत फाइलला लाव. सुटल्यावर पहिल्या रात्री तो कुठे झोपणार, हेही आधीच ठरव. लेक असेल तर तिला स्वतः फोन कर.

पहिल्या अर्जाचा मसुदा मला पाठव. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.