दारू सोडायची आहे. जवळपास मदतगटाची मीटिंग कुठे भरते, हे कसं शोधायचं?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) आपल्या देशातल्या अधिकृत संकेतस्थळावर शहराचं नाव टाका, जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता मिळेल. तरी निघण्याआधी हेल्पलाइनवर फोन करून खात्री करा, कारण जागा बदलते आणि यादीत जुनाच पत्ता राहून जातो. दारापर्यंत जाऊन कुलूप दिसलं, की पुन्हा जायची हिंमत होत नाही. मी स्वतः या मीटिंगांना जातो म्हणून सांगतो: ‘ओपन’ मीटिंगला घरचं माणूस सोबत आलं तरी चालतं, ‘क्लोज्ड’ मात्र ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच. फी नाही, नोंदणी नाही. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐका, बोलायची सक्ती कुणी करत नाही. एखादा गट नाही पटला, तर दुसरा बघा. प्रत्येकाचं वातावरण वेगळं असतं. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट आहेत.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा: रोज भरपूर पीत असाल तर दारू एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा; मीटिंगला जाणं त्यासोबतच सुरू करता येतं.