हवं तसं आयुष्य रोज डोळ्यांसमोर आणलं तर ते मिळतं का?

तुमचा प्रश्न असा: रोज सकाळी डोळे मिटून हवं ते आयुष्य पाहिलं तर ते खरंच मिळतं का, किती मिनिटं पाहावं, व्हिजन बोर्ड, म्हणजे हव्या त्या गोष्टींची चित्रं चिकटवलेला फलक, लावावा का. शेवटी तुम्ही लिहिलंय, "पाहता पाहता मध्येच अडचणी दिसायला लागतात. वाईट पाहिलं की वाईटच घडतं म्हणतात, मग हे विचार थांबवायचे कसे?"

मी लिहायला बसलो ते या शेवटच्या ओळीमुळे. थांबवू नका. वाईट पाहिलं की वाईट घडतं असं ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याने तुमचं नुकसान केलंय. हेच वाक्य मी भर पंगतीत ऐकलेलं आहे, तेही घरच्या माणसाकडून.

माझ्या सासऱ्यांची नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात तीन एकर जमीन. मुलगा नाही, दोन मुली. त्यांनी हयातीतच दोघींच्या नावाने दीड-दीड एकर करून दिली आणि विहीर सामाईक ठेवली. थोरलीचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ, तेव्हा नुकतंच 'पाहाल ते मिळेल' असं शिकवणारं एक शिबिर करून आले होते. नागपूरच्या बर्डी बाजारातून थर्माकोल आणला, त्यावर फार्महाऊस, झोपाळा, पांढरी गाडी आणि फळांनी लदलेली संत्र्याची झाडं अशी चित्रं कापून चिकटवली. रोज बोर्डासमोर बसायचं आणि हे सगळं मिळालंच आहे असं मनापासून वाटून घ्यायचं, अशी त्यांची साधना. मलाही आग्रह केला.

पाहत तर मीही होतोच. सरकारी नोकरी, नागपुरात मानेवाड्याला घर, आणि निवृत्तीनंतर बागेत राहायचं हे लग्नाच्या आधीपासून मनात. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकलं की बाग पाहायला लागायचो. फक्त मी एका रात्री एकच महिना घ्यायचो आणि त्या महिन्यातला एक साधा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत चालवून पाहायचो.

मे महिना घेतला. पारा 45 च्या वर, विहिरीने तळ गाठलेला, संत्र्याची कलमं लहान, आणि शेतीची थ्री फेज लाइन येते मध्यरात्री. मोटर सुरू कोण करणार? मी मानेवाड्यात, सकाळी ऑफिस. तेव्हाच ठरलं की शेतात पहिलं बांधकाम व्हायचं ते रखवालदाराच्या खोलीचं, आपलं घर नंतर.

त्याच मे महिन्याने बहार, म्हणजे फळ घ्यायचा हंगामही ठरवला. आमच्याकडे आंबिया बहार घेणारे जास्त. डिसेंबरात झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, जानेवारी-फेब्रुवारीत फूल, ऑक्टोबरपासून तोड. पण मग भर उन्हाळ्यात झाडावर लहान फळं असतात आणि पाणी कमी पडलं की फळगळ. आमच्या विहिरीला ते झेपलं नसतं, कारण तिच्यावर दोन घरांचा हक्क. मृग बहारात ताणच मे महिन्यात येतो, पावसाने फूल निघतं, फेब्रुवारी-मार्चला तोड. पाऊस लांबला की मृग फुटत नाही, हा धोका आहेच. पण तो धोका मी कलम लावायच्या आधी डोळ्यांनी पाहिला होता, आणि ज्या वर्षी फूल येणार नाही त्या वर्षी घर कशावर चालेल याचा हिशेबही तेव्हाच केला होता. पगार चालू असेपर्यंतच बाग लावायची, हे त्या हिशेबातून निघालं. संत्र्याचं पहिलं फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. निवृत्त झाल्यावर लावली असती तर पेन्शन त्यातच मुरली असती.

जुलै पाहिला तेव्हा आधी हिरवीगार झाडंच दिसली, सगळ्यांना दिसतात तशी. मग नजर खाली जमिनीवर नेली. भारी काळी जमीन, पाणी निघायला वाट नाही, खोडं पाण्यात. आता काय होईल, हे मला माहीत नव्हतं. म्हणून अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारलं. तिथे कळलं की डिंक्या नेमका असाच येतो: फायटोप्थोरा बुरशी, साचलेलं पाणी, मग कलमाच्या जोडाजवळ साल फुटून डिंक गळतो आणि झाड वाळत जातं. उपाय लावायच्या वेळीच करायचे असतात. ओळींमध्ये चर काढायचे, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. चर काढले तेव्हा साडभाऊ हसले होते. त्यांच्या चित्रात चर नव्हते.

फेब्रुवारीची तर आम्ही तालीम केली. व्यापारी झाडाखाली उभा राहून अख्ख्या बगीच्याचा भाव सांगतो, तेव्हा नवख्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे सासऱ्यांच्या वेळी मी पाहिलं होतं. म्हणून बायकोला व्यापारी केलं. ती म्हणायची, "माल बारीक आहे, डाग आहे, कळमन्याच्या बाजारात आवक वाढून राहिली, देता का सांगा." आणि मी उत्तर द्यायचो. आधी चाचरत, मग न चाचरता. पहिल्या खऱ्या सौद्याच्या दिवशी व्यापारी जवळजवळ तेच बोलला. आकडा मी पाडू दिला नाही. बायको विहिरीजवळ उभी राहून ऐकत होती. त्या दिवसाचा अभिमान आम्हा दोघांना अजून आहे.

पुढे एका वर्षी पाऊस थांबेचना. तालुक्यात बागाच्या बागा डिंक्याने बसल्या. आमचीही काही झाडं गेली. त्याच सुमारास नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पंगतीत साडभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही वर्षानुवर्षं डिंक्या-डिंक्याच पाहून राहिले. मग काय येईन बागेत? डिंक्याच येईन ना. निसर्ग आपल्याला तेच देते जे आपण पाहतो."

मी हातातला घास खाली ठेवला. बायको वाढत होती. ती म्हणाली, "भाऊजी, यांनी डिंक्या पाहिला होता म्हणून चर होते. चर नसते तर आज बागच नसती." पंगत गप्प झाली.

साडभाऊंनी पुढे त्यांचा दीड एकर प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याला विकला. पांढरी गाडी आली, बेसा रोडला फ्लॅट आला. ते म्हणतात, बोर्ड खरा ठरला. माणूस सुखात आहे आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण गाडी जमीन विकून आली, हे कुणीतरी बोललं पाहिजे. आणि बोर्डावरची झाडं राहून गेली, हेही.

त्या वाक्याचा मला राग का, तेही सांगतो. 2017 ला विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि शेतंच्या शेतं गेली. ती आली कारण बीटी बियाण्यातल्या, अळी मारण्यासाठीच असलेल्या विषाला अळी सरावली होती. यवतमाळच्या त्या शेतकऱ्याने रोज बोंडअळीचं ध्यान केलं होतं म्हणून आली का? ज्याचं नुकसान झालं त्यालाच 'तू तसं पाहिलंस' म्हणणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, कितीही गोड आवाजात सांगा. आजारी माणसालाही लोक असंच म्हणतात.

माझ्या मुलीने मानसशास्त्रात एम.ए. केलं. तिच्यामुळे मला कळलं की यावर रीतसर अभ्यास झालेत. शेली टेलर आणि लिएन फाम या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग छापला. परीक्षेआधी काहींनी रोज 'चांगले मार्क मिळाले' हे दृश्य पाहिलं, काहींनी 'मी कुठे, कधी, कसा अभ्यास करतोय' हे पाहिलं. अभ्यास पाहणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना मार्कही जास्त मिळाले. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन बाईंनी 1991 मध्ये वजन कमी करणाऱ्या महिलांचा अभ्यास केला. ज्या छान छान दृश्यांत रमत होत्या त्यांचं वजन इतरांच्या मानाने सुमारे 11 किलोंनी कमीच घटलं. त्याच बाईंनी पुढे पद्धत बसवली: आधी हवं ते पाहा, लगेच आड येणारी गोष्ट पाहा, मग 'असं झालं तर मी हे करीन' ठरवा. मी गच्चीवर जे करत होतो त्याला पुस्तकात नाव आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं उदाहरण शिबिरवाले नेहमी देतात, पण अर्धंच. 2008 ला बीजिंगमध्ये 200 मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, पुढचं काही दिसेना. तो हाताचे फटके मोजत पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांत विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. घाबरला नाही, कारण बिघडलेली शर्यतही त्याने मनात पोहून ठेवलेली होती. हे शिबिरात सांगत नाहीत.

आणि आपल्या नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख. 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली. आमच्या गल्लीत पेढे वाटले. बुद्धिबळ खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो डोक्यात पुढचा डाव पाहताना समोरच्याची सगळ्यात वाईट चाल आधी पाहतो की नाही. नुसत्या आपल्याच चाली पाहणारा शाळेच्या स्पर्धेतही टिकत नाही.

आता तुमचं. हवं ते आयुष्य म्हणजे काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. पण जे काही असेल त्यातला एखादा साधा मंगळवार घ्या. उठल्यावर कुठे जाता, पैसे कुठून येतात, कोणाशी बोलावं लागतं, दुपारी कंटाळा कशाचा येतो. जिथे चित्र अडेल तिथे थांबा. तिथे तुम्हाला काहीतरी माहीत नाही किंवा तुमच्याकडे काहीतरी नाही. ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी माहीतगार माणसाला जाऊन विचारा. हा मंगळवार पाहूनही हवासा वाटला तर मागे लागा. नाही वाटला तर वर्षं वाचली.

किती मिनिटं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. चित्र पाहून उद्याचं एखादं काम निघालं की बस.

काही लोकांना डोळे मिटले तरी चित्र दिसतच नाही, त्याला अफँटेजिया म्हणतात. तुमचं तसं असेल तर घाबरू नका, तोच दिवस शब्दांत लिहून काढा. ज्यांना आधीच धास्तीचा त्रास आहे त्यांनी मात्र रात्री एकट्याने अडचणी पाहत बसू नये. दिवसा, कुणाच्या सोबतीने, आणि प्रत्येक अडचणीपुढे उपाय लिहूनच उठावं. झोप उडत असेल तर डॉक्टरकडे जा. आणखी एक, ओटिंगेन बाईंच्या त्याच अभ्यासात आपल्याला जमेल असा अंदाज असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं, म्हणजे भरवसा हवाच. साडभाऊंकडे भरवसा भरपूर होता, हे मी मान्य करतो. माझ्या दीड एकराला सासऱ्यांचा आधार होता, हेही खरं. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला नुसतं पाहून ती मिळणार नाही.

बोर्ड लावायचा तर लावा, भिंत तुमची आहे. त्यावर विहीर, मोटर आणि चरही चिकटवा. आणि कुणी शिबिराची फी मागितली तर पैसे द्यायच्या आधी एवढं विचारा: अडचण आल्यावर काय करायचं, हे तुम्ही कोणत्या दिवशी शिकवता?