आईबद्दल काय लिहू?

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. आयटीआयमधून टर्नर होऊन वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर (धातू गरगर फिरवून कापायचं मशीन) उभी राहिलेली ती पहिली बाई, बाकी सगळे पुरुष. घरी नवीन स्टीलचं भांडं आलं की आधी कडेवरून अंगठा फिरवून बर, म्हणजे कापलेल्या धातूची बोचरी कड, राहिलाय का बघायची. नातवंडांसाठी चार पानं लिहायचीयत, पण 'प्रेमळ, कष्टाळू'च्या पुढे गाडीच जात नाहीये. – एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, तो अंगठा लिहिलात की प्रेमळ-कष्टाळूची गरजच नाही! तिथूनच सुरू करा. मग तिचं काम नीट सांगा, म्हणजे चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) कसा धरायचा, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग कसा वाचायचा, पदर नि केस मशीनमध्ये जाऊ नयेत म्हणून ती काय करायची, नातवंडांना हेच ऐकायचं असतं. आणि काळ पण येऊ दे. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, त्यात १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना एरवी संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवता यायचं नाही, त्यामुळे "बाई घेतली तर नाईट कोण करणार" हे तिने बहुतेक ऐकलंच असेल, तिच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारा आणि प्लीज लवकर करा, तेही आता थकले असतील. सर्टिफिकेट, पगाराची पावती सापडली तर फोटो काढून पानात लावा. चिडायची का कधी, कोणावर, तेही येऊ दे.