अंबाजीचा गब्बर डोंगर आणि ‘शोले’तला गब्बरसिंग यांचा काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की, गुजरातेत अंबाजीच्या दर्शनाला गेल्यावर तिथे गब्बर नावाचा डोंगर दिसला, तर ‘शोले’तल्या गब्बरसिंगचं नाव त्या डोंगरावरूनच घेतलं असेल का? आणि अशा सारख्या नावांच्या जोड्या आणखी कुठे आहेत?

त्या डोंगराचा आणि गब्बरसिंगचा काहीही संबंध नाही. गब्बरसिंग आमच्या बाजूचा. मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. इथून दीड-दोन तासांवर भिंड आहे. पन्नासच्या दशकात भिंडच्या बीहडात, म्हणजे तिथल्या मातीच्या घळींच्या रानात, गब्बरसिंग नावाचा खराखुरा दरोडेखोर होता. चंबळच्या पट्ट्यात अशा लोकांना डाकू म्हणण्यापेक्षा बागी म्हणायची रीत आहे आणि त्यात थोडा मानही असतो. या माणसाबद्दल मात्र मानाने बोलावं असं काही नव्हतं. हाती लागलेल्या पोलीस शिपायांची नाकं-कान तो कापून टाकायचा. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी भिंड जिल्ह्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. दुसऱ्याच दिवशी पंडित नेहरूंचा सत्तरावा वाढदिवस होता. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांनी ती बातमी वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना दिली. हेच रुस्तमजी पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले.

आता हे नाव सिनेमात कसं पोचलं ते बघा, कारण सगळा निकाल त्यावरच आहे. ‘शोले’ची पटकथा सलीम-जावेद यांची. सलीम खान जन्माने इंदूरचे, त्यांचे वडील मध्य प्रदेश पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर होते. गब्बरसिंगच्या हकिगती सलीम यांनी घरातच, वडिलांकडून ऐकल्या. (जावेद अख्तर यांचा जन्म तर आमच्या ग्वाल्हेरचाच, पण नावाचा धागा सलीम यांच्या बाजूने येतो.) दोघांनी बाकीची नावंही ओळखीपाळखीतूनच उचलली आहेत. जय आणि वीरू ही सलीम यांच्या इंदूरच्या कॉलेजमधल्या मित्रांची नावं, ठाकूर बलदेवसिंग हे त्यांच्या सासऱ्यांचं. अमजद खान यांनी भूमिकेच्या तयारीसाठी वाचलं ते पुस्तकसुद्धा चंबळच्या बागींवरचं, तरुणकुमार भादुरी यांचं ‘अभिशप्त चंबल’. म्हणजे भिंडच्या बीहडापासून पडद्यापर्यंतची एकेक कडी दाखवता येते. गुजरातेतला डोंगर त्यात कुठेच येत नाही.

तो डोंगर अरवलीच्या रांगेत, राजस्थानच्या हद्दीजवळ आहे. सतीचं हृदय तिथे पडलं अशी श्रद्धा आहे. वर अखंड ज्योत तेवते आणि खालच्या अंबाजीच्या देवळात मूर्ती नसून यंत्राची, म्हणजे पवित्र आकृतीची पूजा होते. या क्षेत्राची महती सिनेमाच्या कितीतरी आधीपासूनची. तेव्हा डोंगराने सिनेमाकडून नाव घेतलं असं तर कुणीच म्हणणार नाही. उलट बाजूने विचार केला तरी माणसाचं नाव म्हणून गबर, गब्बर उत्तरेत पूर्वीपासून चालत आलेलं आहे. गढवाल रायफल्सचे गबरसिंग नेगी १० मार्च १९१५ रोजी फ्रान्समध्ये नव-शापेलच्या लढाईत कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टिहरीकडच्या चंबा गावात आजही त्यांच्या नावाने जत्रा भरते. भिंडमधल्या एखाद्या मुलाचं नाव गब्बर पडायला अंबाजीपर्यंत जायची गरजच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की, कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. नाव लेखकाच्या कानावर कुठून पडलं हे दाखवता आलं तरच संबंध जोडावा. ग्वाल्हेरात राहून मला याची आच वाटते, कारण गब्बर म्हटलं की लोकांना फक्त संवाद आठवतात. त्या नावामागे नाकं गमावलेली खरी माणसं होती, पोटाच्या नोकरीसाठी बीहडात उतरलेले शिपाई होते. हे नाव देवीच्या डोंगराला चिकटवलं की ती माणसं पुसली जातात आणि डोंगरावरही अन्याय होतो.

आता दुसऱ्या जोड्या. बॅटमॅन हे पात्र १९३९ चं. आग्नेय तुर्कस्तानात बॅटमॅन नावाचं तेलाच्या विहिरींचं शहर आहे. त्याला हे नाव पन्नासच्या दशकात मिळालं, म्हणजे पात्राच्या नंतर! तरीही संबंध शून्य, कारण ते नाव आलं जवळून वाहणाऱ्या बॅटमॅन नदीवरून. नुसती सालं जुळवून भागत नाही ते असं. २००८ मध्ये तिथल्या महापौरांनी सिनेमावाल्यांवर दावा लावायची भाषा केली होती.

त्याच बॅटमॅनचं गॉथम शहर मात्र खऱ्या गावापर्यंत पोचतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ गॉथम नावाचं खेडं आहे. राजाची स्वारी आपल्या गावातून जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी वेडेपणाचं सोंग घेतलं अशी दंतकथा आहे. १८०७ मध्ये अमेरिकी लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने न्यूयॉर्कची थट्टा करताना त्याला गॉथम म्हटलं. ते टोपणनाव रुळलं, दुकानांच्या पाट्यांवर गेलं. पुढे पात्राचे सहनिर्माते बिल फिंगर यांनी टेलिफोन डिरेक्टरीत ‘गॉथम ज्वेलर्स’ वाचलं आणि शहराचं नाव ठरलं. गाव, टोपणनाव, सराफाचं दुकान, कॉमिक असा सलग धागा.

मराठीत अशी सरमिसळ जास्तच होणार, कारण आपली अर्धी आडनावं गावाला ‘कर’ लावून झालेली. कादंबरीतल्या कुणाचं आडनाव वाचलं की त्या नावाचं गाव नकाशावर सापडतंच. १९६३ च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर घ्या. सांगवी नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ, पुण्यालाही एक आहे. पण कादंबरीचे लेखक भालचंद्र नेमाडे यांचं जन्मगाव खानदेशातलं सांगवी आहे, त्यामुळे इथे शोध फार लांब न्यावा लागत नाही.

‘बाहुबली’तली माहिष्मती ही उसन्या नावाची जोडी. नाव नर्मदाकाठच्या प्राचीन नगरीचं, जी बरेच अभ्यासक आजचं महेश्वर मानतात, तेच अहिल्याबाई होळकरांची राजधानी असलेलं. सिनेमातल्या धबधब्यांचा आणि राजघराण्याचा महेश्वरशी काही मेळ नाही.

‘शोले’चं रामगढही तसंच. या नावाची गावं झारखंडात, राजस्थानात, कुमाऊंत आहेत, पण चित्रीकरण झालं कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत, आणि लोक आज गब्बरचे कातळ बघायला तिथे जातात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं मेट्रोपोलिस हे गाव तर सुपरमॅनच्या शंभर वर्षं आधी वसलेलं. पात्राच्या शहराशी नाव जुळतं म्हणून १९७२ मध्ये त्याने स्वतःला सुपरमॅनचं गाव जाहीर केलं आणि चौकात त्याचा पुतळाही उभारला.