पहिल्या टेस्ट राइडला जाताना

कावासाकीची निंजा 1100 एसएक्स बाइक चालवून बघताय, मस्त! फक्त ताकद तपासायच्या मागे लागू नका. 1,099 सीसी आहे, ती कमी पडणार नाही.

आधी इंजिन बंद ठेवून गाडी हातानं पुढे-मागे ढकला. 235 किलोच्या आसपासचं वजन हायवेवर नाही, पार्किंगमध्ये जाणवतं.

नवखे गाडी पाडतात ती यू-टर्नला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. वळताना क्लच अर्धा धरा, मागचा ब्रेक हलका दाबा आणि जिथं जायचंय तिकडेच बघा.

बाकी एवढंच:
- बूट, हेल्मेट स्वतःचे. चपलेवर पाय जमिनीला पुरतात का ते नीट कळत नाही.
- सुरुवात 'रेन' मोडवर (पावसासाठीचा, ताकद सौम्य ठेवणारा मोड).
- शोरूमभोवतीच्या एका चकरेवर समाधान मानू नका, अर्धा तास मागा. सिग्नलच्या गर्दीतही न्या. मनगटावरचा भार आणि पायाला लागणारी इंजिनची धग तिथंच कळते.
- घरचं कुणी मागे बसणार असेल, तर त्यांनाही बसवून बघा.

क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), सस्पेन्शन नंतर बघू. आणि टेस्ट राइडच्या फॉर्मवर सही करण्याआधी, गाडी पडली तर खर्च कुणाचा, ते वाचून घ्या.